इंडक्शन शेगडी स्वयंपाक अर्ध्यावर सोडून बंद पडते तेव्हा

चिपळूणमध्ये माझे घरगुती विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. गॅसवरून इंडक्शनवर आलेली घरे गेल्या काही वर्षांत इकडेही वाढली असून त्यांच्याकडून येणारी सर्वांत नित्याची तक्रार म्हणजे शेगडी सुरू होते, थोडा वेळ चालते आणि मध्येच बंद पडते. अशा शेगड्यांपैकी निम्म्याहून अधिक मी न उघडताच परत दिल्या आहेत, कारण दोष त्यांच्या पोटात नव्हता. तो भांड्यात, ओट्यावर किंवा भिंतीतल्या सॉकेटमध्ये होता. ही शेगडी स्वतःचे तापमान, भांडे आणि विजेचा दाब सतत तपासत असते आणि त्यातले काही मर्यादेबाहेर गेले की स्वतःहून थांबते. ती कशामुळे थांबली हे शोधणे एवढेच काम असते, आणि त्यातला बराच भाग एक पैसाही खर्च न करता घरी करता येतो.

लक्षणे

भांडे ठेवल्याबरोबर टीं-टीं असा आवाज येत राहतो, आकडे लुकलुकतात आणि मिनिटभरात शेगडी बंद होते, असे असेल तर संशय भांड्यावर घ्यावा. पाच-दहा मिनिटे उत्तम चालून मग बंद पडते आणि पाव तास विश्रांती दिली की पुन्हा चालते, असे असेल तर आत उष्णता साठते आहे. सकाळी तक्रार नसते, पण संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान हमखास थांबते, याचा अर्थ विजेचा दाब कमी होतो आहे. शेगडीवरचे दिवेही एकदम जातात आणि वायर किंचित हलवली की परत येतात, तर दोष पिन किंवा सॉकेटमध्ये आहे. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला किंवा शॉर्ट झाले की वीज आपोआप तोडणारा स्विच, पडत असेल तर तो केव्हा पडतो हे पाहावे. बटण दाबताक्षणी पडत असेल तर शेगडीच्या आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर त्या लाइनवर भार जास्त आहे.

पडद्यावर ‘ई’ अक्षर आणि त्यापुढे आकडा दिसत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा. या आकड्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्यांच्या शेगडीचे पुस्तक पाहून निदान करू नये.

काही गोष्टी दोष नसूनही दोष म्हणून माझ्याकडे येतात. कमी आचेवर बहुतेक शेगड्या काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशा पद्धतीने चालतात, म्हणून खीर मध्येच खदखदते आणि मध्येच शांत होते. दूध, भात, करी अशी ठरावीक कामांची बटणे दाबली असतील तर त्यांची नेमलेली वेळ संपताच शेगडी थांबते. बऱ्याच शेगड्या दीड-दोन तास कोणत्याही बटणाला हात लागला नाही तर सुरक्षिततेसाठी बंद होतात. म्हणून पुढच्या कोणत्याही तपासणीआधी ठरावीक कामाचे बटण न वापरता, हाताने वॅट निवडून शेगडी चालवून पाहावी.

भांडे

शेगडीतली कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि ते सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलते. त्यामुळे भांड्याच्या बुडात विजेचे भोवरे निर्माण होतात आणि बूड स्वतः तापते. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने. हे नीट घडण्यासाठी बूड लोहचुंबकाला चिकटणाऱ्या धातूचे हवे. ॲल्युमिनिअमचा जुना कुकर, पितळेचे पातेले, तांब्याचा तांब्या यांना शेगडी ओळखतच नाही. स्टीलच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो, कारण आपल्या घरांतली पुष्कळ स्टीलची भांडी निकेल असलेल्या मिश्रधातूची असतात आणि तो चुंबकाला चिकटत नाही, तर काही भांडी चिकटणाऱ्या स्टीलची असतात. दिसायला दोन्ही सारखीच.

फ्रिजच्या दाराला लावलेले चुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावावे. नुसते लागले एवढ्यावर समाधान मानू नये. भांडे उभे धरून हलवले तरी ते घट्ट राहिले पाहिजे. चुंबक फक्त मध्यभागी न लावता कडेपर्यंत फिरवावे. स्वस्त कढया आणि तव्यांना ‘इंडक्शन बेस’ असे छापलेले असले तरी चिकटणारी चकती कधी कधी मधोमध तळहाताएवढीच असते. अशा भांड्यावर शेगडी सुरू होते, पण धरसोड करते, आणि मालक म्हणतात की भांडे तर इंडक्शनचेच आहे. चुंबक सैल लागत असेल तिथेही हीच धरसोड होते.

आकाराचेही महत्त्व आहे. साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बुडाचे भांडे बऱ्याच शेगड्या स्वीकारत नाहीत. एका कपाचे चहाचे पातेले आणि फोडणीचे कढले ही दोन भांडी या तक्रारीची नेहमीची मूळ आहेत. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारी लोखंडी चकती मी कोणालाही सुचवत नाही. चकती आधी तापते, मग भांडे तापते आणि या सगळ्यात काचेखालच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरला भाजणारी उष्णता मिळते, त्यामुळे जी तक्रार घालवायची तीच परत येते. फोडणी सपाट बुडाच्या कढईत करावी, हे सोपे.

तिसरी तपासणी बुडाच्या सपाटपणाची आहे. भांडे उपडे करून बुडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवावी आणि खालून उजेड दिसतो का ते पाहावे. कुकर एकदा जरी कोरडा तापला असेल तरी त्याचे बूड बाहेर फुगते, तो काचेवर डगमगतो आणि कडेला फट राहते. अशा वेळी बुडाच्या मध्यभागाचे तापमान बाकीच्या भागापेक्षा वेगळे असते, सेन्सरला चुकीचा अंदाज येतो आणि भात शिजण्याआधीच शेगडी थांबते. फुगलेले बूड ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न मी एकदा केला आणि त्यात खालची चकतीच सुटली, तेव्हापासून तो नाद सोडला.

भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘फक्त भाकरीलाच बंद पडते’ असे सांगणारे बरेच जण भेटतात. बिडाचा किंवा लोखंडी तवा चुंबकाला उत्तम चिकटतो, तरी तो बहुधा खोलगट असतो आणि काचेला मधोमधच टेकतो. त्यावर २००० वॅट लावून रिकामा तवा तापत ठेवला की मधला भाग दोन-तीन मिनिटांत अतिशय तापतो आणि शेगडी स्वतःला वाचवते. सपाट बुडाचा तवा घ्यावा, १००० ते १२०० वॅटवर सावकाश तापवावा आणि पहिली भाकरी टाकल्यावरच गरजेनुसार आच वाढवावी. तवा काचेवर ओढू नये, उचलून ठेवावा. पापुद्रा सुटलेली भाकरी ज्योतीवर फुगवण्याची सोय इंडक्शनवर नाही आणि जाळी ठेवून ती करताही येत नाही. माझ्या स्वतःच्या घरी त्यासाठी गॅसची एक चूल ठेवलेली आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

भांड्याची शंका पूर्ण फिटवायची असेल तर चुंबक घट्ट धरणाऱ्या, सपाट बुडाच्या पातेल्यात १ लिटर पाणी घेऊन झाकण ठेवावे आणि शेगडी पूर्ण क्षमतेवर लावावी. १८०० ते २००० वॅटच्या शेगडीवर ते चार-पाच मिनिटांत उकळायला हवे. तसे उकळले आणि शेगडी थांबली नाही, तर शेगडी या भांड्यावर ठीक आहे आणि दोष आधीच्या भांड्यात आहे.

वारा

शेगडीच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला एक पंखा असतो. तो खालून थंड हवा ओढतो आणि कॉइल व विद्युतपट्टीवरून (सर्किट बोर्डवरून) फिरवून बाहेर टाकतो. हवा अडली की आतले तापमान काही मिनिटांत वाढते आणि शेगडी थांबते. थंड झाली की पुन्हा चालू होते. ‘पाव तासाने आपोआप बरी होते’ ही तक्रार जवळजवळ नेहमी इथली असते.

शेगडी उचलून खाली काय आहे ते पाहावे. ओटा खराब होऊ नये म्हणून घातलेला प्लॅस्टिकचा कागद किंवा वर्तमानपत्र पंखा सुरू झाल्यावर वर ओढले जाते आणि पंख्याच्या जाळीला चिकटते. शेगडी बंद असताना ते जागच्या जागी दिसते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी चूक म्हणजे जागा कमी म्हणून गॅसच्या शेगडीवरच इंडक्शन ठेवणे. तिथे खाली लोखंडी जाळ्या असतात, बैठक डळमळीत असते आणि शेजारचा बर्नर पेटवला तर गरम हवाच आत ओढली जाते. शेगडी सपाट, कोरड्या ओट्यावर ठेवावी, भिंतीपासून चार बोटे नव्हे तर वीतभर दूर ठेवावी आणि शेजारी कुकरच्या शिट्टीची वाफ तिच्या जाळीकडे जाणार नाही असे पाहावे.

एक सवय अशी आहे की ती घालवली तर शेगडीचे आयुष्य निश्चित वाढते. स्वयंपाक झाला की अनेक जण भिंतीवरचे बटण तत्काळ बंद करतात. गॅसचा रेग्युलेटर बंद करण्याच्या काळात अशी काळजी योग्यच होती, पण इथे त्याने पंखा थांबतो आणि काचेची व कॉइलची उष्णता आत कोंडते. आधी शेगडीवरचे बटण बंद करावे, पंखा स्वतःहून थांबेपर्यंत एक-दोन मिनिटे द्यावीत आणि मगच भिंतीवरचे बटण बंद करावे.

जाळी साफ करताना पिन काढलेली असावी आणि शेगडी पूर्ण थंड झालेली असावी. कोरडा जुना टूथब्रश किंवा रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो. ओला फडका, साबण आणि पाण्याचा फवारा वापरू नये. फोडणीच्या तेलाची वाफ धुळीत मिसळून पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसवते, तो बाहेरून निघत नाही. शेगडी चालू असताना पंख्याचा आवाजच येत नसेल किंवा घरघर येत असेल तर ती वापरणे थांबवावे. त्यापुढचे काम दुकानातले आहे.

पिन, सॉकेट आणि लाइन

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेते. मिक्सर किंवा मोबाइल चार्जर लावतो तो लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, आणि मोठ्या भोकांचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो, तो १६ अँपिअरचा. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसावी म्हणून वापरला जाणारा कन्व्हर्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड या दोन वस्तूंनी जितकी प्लॅस्टिके वितळवलेली मी पाहिली आहेत तितकी दुसऱ्या कशानेही नाहीत. शेगडी थेट १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावावी, हा नियम सवलत न देता पाळावा.

पॉइंट योग्य असला तरी तो सैल असू शकतो. शेगडी दहा मिनिटे चालवून ती बंद करावी, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि पिन काढून पितळी खुंट्यांना न स्पर्शता तिच्या प्लॅस्टिकच्या भागाला हात लावून पाहावा. कोमट असेल तर हरकत नाही. हात टेकवत नसेल, तपकिरी डाग असेल, जळकट वास येत असेल किंवा चालू असताना सॉकेटमधून चर्र असा आवाज येत असेल, तर आतल्या पट्ट्या सैल झाल्या आहेत. सैल जोडाला विरोध जास्त असतो, विरोधाने उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने पट्ट्या आणखी सैल होतात. हे चक्र आपोआप थांबत नाही. सॉकेट आणि पिन दोन्ही बदलावी लागतात, एकच बदलली तर दुसरी तिला खराब करते. हे काम वायरमनकडून करून घ्यावे.

एमसीबी पडत असेल तर त्या लाइनवर आणखी काय आहे हे शोधावे. २००० वॅटची शेगडी आणि २००० वॅटचा गीझर एकदम चालले तर प्रवाह १७ अँपिअरच्या पुढे जातो, आणि १६ अँपिअरचा एमसीबी काही वेळाने पडू शकतो; ते त्याचे कामच आहे. तो मोठ्या क्षमतेचा बसवून घेण्याचा मोह टाळावा, कारण एमसीबी भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो आणि मोठा बसवला तर वायर तापली तरी तो पडणार नाही. योग्य उपाय म्हणजे शेगडीसाठी निदान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन. जुन्या घरांमध्ये ॲल्युमिनिअमच्या वायरी आढळतात. तिथे शेगडी लावण्याआधीच वायरमनला दाखवावे.

भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग तुटलेले किंवा नसलेले असते. पायात चप्पल घालून काम भागवणारी घरे मला माहीत आहेत. तसे करू नये, त्या क्षणापासून शेगडी वापरणे बंद करावे.

विजेचा दाब

बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर या शेगडीसाठी नसतो. घरातला नेहमीचा ८००-१००० व्हीएचा इन्व्हर्टर एवढा भार पेलत नाही आणि शेगडी किंवा इन्व्हर्टर यांपैकी एक बंद पडतो. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरही ती लावू नये.

मुख्य लाइनवरचा दाब पाहण्यासाठी सॉकेटमध्ये सरळ लावता येणारा डिजिटल व्होल्टमीटर काही शे रुपयांत मिळतो. शेगडी बंद असताना आकडा टिपावा, मग पूर्ण क्षमतेवर लावून पुन्हा टिपावा. दोन्ही वेळी तो १७०-१८० च्या आसपास असेल तर दोष बाहेरच्या पुरवठ्यात आहे आणि तक्रार वीज कंपनीकडे करावी. त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. तोपर्यंत शेगडी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेआधी वापरणे एवढाच मार्ग उरतो. बंद असताना २३० आणि चालू करताच २०० च्या खाली येत असेल तर बहुधा आपल्याच घरात कुठेतरी जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे, आणि तो जोड आता तापत असणार.

याहून गंभीर लक्षण असे की शेगडी लावल्यावर घरातले काही दिवे मंद होतात आणि काही नेहमीपेक्षा प्रखर होतात, किंवा व्होल्टमीटर २६०-२७० दाखवतो. हे न्यूट्रल, म्हणजे परतीच्या प्रवाहाची तार, सुटल्याचे चिन्ह असते. तीन फेज येणाऱ्या इमारतीत न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात ३०० व्होल्टच्याही वर दाब जाऊ शकतो आणि शेगडीबरोबर टीव्ही, फ्रिजही जळतात. मेन स्विच ताबडतोब बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत तो चालू करू नये.

शेगडीच्या आत

इथे घरच्या माणसाने थांबावे. पिन काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३२५ व्होल्टचा भार काही काळ राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. ‘बघू तरी’ म्हणून चार स्क्रू काढणाऱ्यांना हे माहीत नसते.

आत काय होते हे कळावे म्हणून थोडक्यात सांगतो. काचेखाली मधोमध टेकवलेला थर्मिस्टर तापमान मोजतो. सामान्यतः तो २५ अंशांवर १०० किलोओहम असतो आणि उष्णता वाढली की त्याचा विरोध उतरतो. त्याच्यावरचे पांढरे मलम सुकले किंवा तो काचेपासून सुटला तर शेगडी अवेळी थांबते; ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. फ्यूज गेलेला असेल तर बहुतेक वेळा त्यामागे आयजीबीटी नावाचा मोठा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, म्हणून नुसता फ्यूज बदलून किंवा तारेने जोडून चालू केलेली शेगडी क्षणात पुन्हा जाते. नवा आयजीबीटी टाकल्यावरही आम्ही ती थेट लाइनवर न लावता आधी १०० वॅटच्या पिवळ्या बल्बसोबत सिरीजमध्ये (एकामागे एक जोडून) लावून पाहतो. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक कारण आढळते ते म्हणजे झुरळे. उबदार विद्युतपट्टी त्यांना आवडते आणि त्यांच्या घाणीने बटणे आपोआप दाबली गेल्यासारखी शेगडी वागते.

पाण्यात बुडालेली शेगडी सुकवून चालू करू नये. जुलै २०२१ च्या महापुरानंतर इथे कितीतरी शेगड्या उन्हात वाळवून लावल्या गेल्या. कॉइलच्या वेटोळ्यांत आणि पट्टीवर राहिलेल्या गाळाने त्या बहुतेक पहिल्याच दिवशी गेल्या. काचेला तडा गेला असेल, मग तो केसाएवढा का असेना, तरी तेच: भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढावी, कारण तड्यातून उतरलेले पाणी किंवा आमटी थेट विजेच्या भागांवर पडते. तड्यावर चिकटपट्टी लावलेल्या शेगड्या मी दुरुस्तीला घेत नाही. ओट्यात कायमचे बसवलेले दोन-चार चुलींचे हॉब असतील तर वर सांगितलेल्या भांड्यांच्या तपासणीपलीकडे काहीही स्वतः करू नये. त्यांचा एकूण भार ७००० वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि त्यांची लाइन वेगळीच असावी लागते.

नवी काच आणि विद्युतपट्टी दोन्ही लागत असतील तर मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो की नवी शेगडी घेणे परवडेल. हमीची मुदत शिल्लक असेल तर दुकानात उघडू न देता कंपनीच्या केंद्रात न्यावी, कारण एकदा सील तुटले की हमी बहुधा राहत नाही.

शेगडी दुरुस्तीला आणताना ती किती मिनिटांनी थांबते, कोणत्या वॅटवर, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि पडद्यावर कोणता आकडा दिसतो हे कागदावर लिहून आणावे. आणि ज्या भांड्यावर ती थांबते ते भांडेही कृपया पिशवीत घालून सोबत आणावे. माझ्याकडे बाकी सगळे आहे, तेवढे एक नसते.